हर्णैजवळचं घर, ५५ गुंठे आणि सहा वारस: एका वाटपाचं प्रकरण

समुद्राकाठची मोठी वडिलोपार्जित जागा वाटायची वेळ आली की घरातले सगळे आधी टेप घेऊन रुंदी मोजायला धावतात. माझं म्हणणं असं आहे की टेप सगळ्यात शेवटी काढावी. आधी विहीर कोणाची, वाट कोणाची, समुद्राकडची झाडं कोण राखणार आणि कागदावर नावं कोणाकोणाची आहेत हे बघावं, कारण कोकणातल्या या लांबट आगरांमध्ये (नारळ-सुपारीच्या बागांमध्ये) जमिनीची किंमत ज्या गोष्टींमुळे आहे त्या गोष्टी कापता येत नाहीत. खालचं प्रकरण याच मुद्द्यासाठी पूर्ण लिहितोय. घरच्यांनी परवानगी दिलीय, नावं आणि गावाचं नाव गाळलंय, बाकी सगळं जसं घडलं तसं.

मी सिव्हिलवाला, दापोली तालुक्यात जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांची दुरुस्तीची कामं करतो. या घरात मला बोलावलं होतं फक्त "छप्पर किती खर्चात होईल ते सांग" एवढ्यासाठी, पण छपराचा आकडा दिला तरी तो भरणार कोण हे ठरत नव्हतं, मग हळूहळू सगळाच गुंता माझ्यासमोर आला.

जागा आधी समजून घ्या. हर्णै, मुरुड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात जुन्या वाड्यांची रचना ठराविक आहे, गावातला रस्ता किनाऱ्याला समांतर जातो, रस्त्याला लागून घर, घराच्या मागे विहीर, तिच्यामागे नारळ-पोफळीचं (म्हणजे सुपारीचं) आगर आणि ते थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत गेलेलं. म्हणजे प्रत्येकाला रस्ता पण मिळाला आणि समुद्र पण. या कुटुंबाची पट्टी साधारण ३२ मीटर रुंद आणि १७५ मीटर लांब, सातबाऱ्यावर ० हेक्टर ५६ आर, गुंठ्यात सांगायचं तर ५५च्या आसपास. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला सुरूची झाडं आणि मग पुळण. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. उत्तरेच्या गडग्याला लागून एक पायवाट जाते जी रस्त्यापासून समुद्रापर्यंत पोचते, आणि ती वाट या प्रकरणात पुढे येणार आहे.

घर जांभ्याचं, मातीत बांधलेलं, आतून चुन्याचा गिलावा, वर सागाचे वासे आणि मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, देवघर, वर माळा, बाजूला पडवी. १९९४ साली मागच्या बाजूला स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास अशी स्लॅबची वाढीव बांधणी केली. वडील २००३ मध्ये गेले. त्यानंतर आई एकट्याच राहत होत्या, धाकटा मुलगा दापोलीत नोकरीला असल्यामुळे तो दर रविवारी यायचा. थोरला पनवेलला, मधला ठाण्यात, मोठी ताई पुण्यात, धाकटी ताई चिपळूणला. म्हणजे आई धरून सहा वारस.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढलं, वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंत, आणि त्याचा मार दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याला पण जबरदस्त बसला. या घराची समुद्राकडच्या उतारावरची जवळपास सगळी कौलं उडाली, आढ्याचे कोने गेले, एक माड पडवीवर आडवा पडला. आगरात १८० पोफळी आणि २२ माड गेले. आई माजघरात देवघराच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या म्हणून वाचल्या, नाहीतर त्यांची रोजची बसायची जागा पडवीतच होती.

मदत आली, नाही असं नाही. सरकारने नंतर झाडामागे पैसे देण्याचा निर्णय केला, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. हिशोब करा. १८० पोफळींचे ९,००० आणि २२ माडांचे ५,५००, मिळून १४,५०० रुपये. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात, आमच्याकडचा बाणवली माड पण तेवढाच वेळ घेतो. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातली कमाईची सात वर्षं आणि समोर साडेचौदा हजार, यावर मला आजही शांतपणे बोलता येत नाही. आणि ते पैसे सुद्धा लगेच हातात पडले नाहीत, कारण सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्यांचं संमतीपत्र हवं होतं आणि तिथेच पहिली गाठ सापडली.

वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा कब्जेदार (म्हणजे मालक) म्हणून आई आणि तीन मुलगे लागले आणि दोन्ही मुलींची नावं "इतर हक्क" या रकान्यात टाकली गेली. हे आमच्याकडे घरोघरी दिसतं. त्या वेळी कोणी मुद्दाम केलं असं नाही, गावात पद्धतच ती होती, मुली लग्न करून गेल्या की नाव बाजूला. पण इतर हक्कातलं नाव म्हणजे मालकी गेली असं होत नाही आणि ते तिथेच राहिलं तर पुढे त्रास मात्र नक्की होतो. धाकट्या ताईंना हे संमतीपत्राच्या वेळी कळलं, १७ वर्षांनी. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त फेरफाराची नक्कल काढून घरी घेऊन गेल्या.

वकिलांनी नंतर हिशोब समजावला तो इथे देतो कारण बऱ्याच लोकांना हा प्रश्न असतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. जमीन त्यांची स्वतःची धरली तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगे आणि मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी सहावा हिस्सा. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची धरली तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायाद (एकत्र मालमत्तेत मुलासारखीच भागीदार), आणि वडील दुरुस्तीच्या आधी वारले असले तरी हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलंय (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, इथे तसं काही नव्हतं). त्या बाजूने मोजलं तर आधी सात भाग पडतात, मग वडिलांच्या सातव्या भागाचे परत सहा, आणि बेरीज पुन्हा सहाव्या हिश्शावरच येते. म्हणजे कुठूनही मोजा, सहा सारखे वाटे. थोरल्याचा आधी विश्वास बसेना, त्याने कागदावर स्वतः मांडून बघितलं आणि मग तो विषय त्या घरात परत निघाला नाही.

मधल्या काळात घराचे हाल चालूच होते. पहिल्या पावसाळ्यात ताडपत्री, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ती पण गेली, मग धाकट्याने स्वतःच्या खर्चाने समुद्राकडच्या बाजूला पत्रे ठोकले. पत्र्याखाली चिऱ्याच्या घराला उन्हाळ्यात भट्टी लागते आणि पावसात आवाजाने बोलणं ऐकू येत नाही, पण गळती थांबली हे खरं. आईंना थोरल्याने पनवेलला नेलं. घर बंद पडलं. आमच्या हवेत बंद घर दोन पावसाळे राहिलं की वाळवी आत येतेच, इथे ती देवघराच्या चौकटीतून माळ्याच्या तुळईपर्यंत गेली होती.

२०२३ च्या दिवाळीत सगळे जमले तेव्हा चार वेगवेगळी मतं होती. मधल्याला विकायचं होतं, त्याच्यावर फ्लॅटचं कर्ज आणि मुलाचं शिक्षण, आणि एका एजंटने अख्खी पट्टी एकरकमी घेणारं गिऱ्हाईक आहे असं सांगितलं होतं. थोरल्याचं म्हणणं सहा तुकडे करून टाका, ज्याला जे करायचं ते करू दे. धाकट्याला आगर परत उभं करायचं होतं. मोठ्या ताईंच्या मिस्टरांच्या डोक्यात होम स्टे, मागे अटॅच टॉयलेटवाल्या तीन खोल्या आणि पाण्यासाठी बोअर. धाकट्या ताई म्हणाल्या आधी माझं नाव वर घ्या मग मी मत सांगते. आई म्हणाल्या मला माझ्या घरात मरायचंय, तुम्ही काय ते ठरवा.

मी त्यांना एकच सांगितलं की तुकडे करायचे की नाही हे भांडून ठरवू नका, कागदावर रेघा मारून बघा. भूमी अभिलेखची मोजणी करून घेतली, "क" प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) आली, आणि त्यावर भरतीरेषा बसवलेला नकाशा अधिकृत संस्थेकडून करून घेतला. हा खर्च लोकांना जड वाटतो पण किनाऱ्यावरच्या जागेत याच्याशिवाय पुढचं बोलणं हवेतलं आहे.

नकाशाने सगळं चित्र बदललं. सीआरझेडच्या (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांच्या) २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत, लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना विकास क्षेत्र आणि बाकी ठिकाणी २०० मीटर. हे गाव दुसऱ्या प्रकारात. यांच्या पट्टीचं पश्चिम टोक भरतीरेषेपासून ७० मीटरवर आणि रस्त्याकडचं टोक २४५ मीटरवर. म्हणजे नवीन बांधकामाचा विचार करता येईल असा भाग फक्त रस्त्याकडचा ४५ मीटर, साधारण १४ गुंठे, आणि त्यातच जुनं घर उभं. उरलेले ४१ गुंठे आगर म्हणून राहणार, तिथे बंगला होणार नाही. एजंटचं गिऱ्हाईक "सी टच" म्हणून जे मागत होतं ते नेमकं हेच ४१ गुंठे होते. त्याला नकाशाची झेरॉक्स दिली, त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

आता रेघा. आडव्या रेघा मारून सहा तुकडे केले तर प्रत्येकी २९ मीटर खोलीचा तुकडा. पहिल्या तुकड्यात रस्ता आणि अख्खं घर, दुसऱ्यात थोडी बांधकामयोग्य जागा आणि विहीर, बाकी चौघांना नुसतं आगर, तेही पाण्याशिवाय आणि दुसऱ्याच्या अंगणातून जाऊन. उभ्या रेघा मारल्या तर प्रत्येकी ५ मीटर ३० सेंटीमीटरची चिंचोळी पट्टी, घर १४ मीटर रुंद म्हणजे ते तिघांत फाडायचं, आणि पोफळीला तर दोन झाडांत २.७ मीटर अंतर लागतं, एकेका पट्टीत दोन ओळी मावणार. शिवाय तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे ठरलेल्या मापापेक्षा लहान तुकडे करायला बंदी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे झालंय आणि यांचे ५५ भागिले सहा होतात सव्वानऊच्या आसपास. कायद्यानेच दार बंद. थोरला म्हणाला आईचा वाटा आत्ताच कोणाच्या तरी नावावर करू मग पाच वाटे होतील, ११ गुंठ्यांचे. यावर आईंनीच नाही म्हटलं, आणि मला ते फार बरोबर वाटलं. जिवंतपणी आईचा हिस्सा फक्त आकडा जुळवायला काढून घेणं हे मी दुसऱ्या घरांत बघितलंय, त्यानंतर त्या बाईला स्वतःच्याच ओटीवर पाहुणी म्हणून बसावं लागतं.

विहिरीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण होम स्टेवाल्यांना हे कोणी सांगत नाही. वाळूच्या पट्ट्यातलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा थर. समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट गोड्याचा थर असतो असा ढोबळ हिशोब आहे, आणि त्याचाच उलटा अर्थ असा की वरची पातळी १ फूट खेचली तर खालून खारं पाणी ४० फूट वर येऊ बघतं. जुने लोक रहाटाने शिंपण करायचे, हळूहळू उपसा, मधे विहिरीला दम. यांच्याकडे वडिलांनंतर ३ एचपीचा पंप बसवला होता आणि एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ लागायचं, आई म्हणायच्या चहा फुटतो. बोअर मारला असता तर तो सरळ त्या खाऱ्या पाण्यातच गेला असता आणि त्याबरोबर शेजारच्या दोन विहिरी पण बिघडल्या असत्या. जावईबापू इंजिनिअर आहेत (मेकॅनिकल), त्यांना हा हिशोब मांडून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच बोअर रद्द केला.

तीन खोल्यांच्या संडासाचं पण तसंच. त्यांच्या प्लॅनमध्ये शोषखड्डा विहिरीपासून ९ मीटरवर येत होता. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर अंतर हवं आणि वाळूत तर मी त्याहून जास्तच धरतो, कारण वाळू पाणी अडवत नाही. खड्डा समोरच्या खळ्याच्या कडेला न्यायचा ठरला, २० मीटरच्या पुढे. मागच्या नव्या खोल्या तर गेल्याच, कारण ती जागा २०० मीटरच्या आत. होम स्टे करायचाच तर स्थानिक लोकांना आहे त्या घरात, जोतं आणि दर्शनी भाग न बदलता करता येतो. माळा आणि पडवीकडच्या दोन खोल्या मिळून चार-सहा माणसांची सोय होते, तेवढीच ठेवली.

आता घराची तपासणी. लोकांना वाटतं जुनं तेवढं मोडकळीला आणि स्लॅब तेवढा पक्का. या घरात अगदी उलट निघालं. चिऱ्याच्या भिंती ओळंब्यात, जोतं जागचं हललेलं नाही, २४ वाशांपैकी बदलायला फक्त ७ लागले. आणि १९९४ ची स्लॅबची वाढीव बांधणी पूर्ण गेलेली. खालून हातोडी मारत गेलो तर जवळजवळ सगळीकडे बद आवाज, न्हाणीच्या कोपऱ्यात काँक्रीटचा पापुद्रा हाताने निघाला आणि आत १० मिलीमीटरची सळई दाभणासारखी झालेली, बोटाने चोळली तर गंजाची भुकटी. कारण आईंनीच सांगितलं, तेव्हा वाळू पुळणीवरून बैलगाडीने आणली होती आणि पाणी विहिरीचं. समुद्राच्या वाळूतलं मीठ सळई आतून खातं, वरून कितीही प्लास्टर करा ते थांबत नाही. शेवटी ते पाडायचं ठरलं. त्याच जोत्यावर तेवढ्याच मापाचं चिऱ्याचं स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर कौलं. अधिकृत जुन्या बांधकामाची आहे त्या जोत्यावर दुरुस्ती-पुनर्बांधणी करायला वाव आहे, पण त्यासाठी जुनं बांधकाम होतं हे दाखवावं लागतं. इथे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चे जुने उतारे आणि घरपट्टीच्या पावत्या कामाला आल्या, आईंनी त्या बिस्किटाच्या डब्यात वर्षावार लावून ठेवल्या होत्या. (नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही, हे पण लक्षात ठेवा. घर कधीपासून उभं आहे हे सांगायला मात्र तो उपयोगी पडतो.)

बाहेरच्या भिंतीला मागे कधीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलेलं होतं ते सगळं काढलं. जांभा पाणी पितो आणि सोडतो, सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं की ओल आत राहते आणि मिठाचे फुलोरे येऊन पोपडे पडतात. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी आता कमी राहिलेत, जे आहेत त्यांच्या तारखेची वाट बघितली. पत्रे काढून परत मंगलोरी, पण समुद्राकडच्या उतारावर खालच्या तीन ओळी आणि कडेची कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधली. वारा कौल उचलतो ते कडेपासून, म्हणून कड बांधलेली बरी. लोखंडी तार खाऱ्या हवेत टिकत नाही.

आगराचं एक निरीक्षण सांगायलाच हवं. वादळात न पडलेल्या पोफळी पण पुढच्या दोन वर्षांत एकेक करून गेल्या, आणि घरच्यांना वाटलं रोग आला. रोग नव्हता. माड पडल्यामुळे सावली गेली आणि नैऋत्येचं दुपारचं ऊन थेट पोफळीच्या खोडावर यायला लागलं, त्या बाजूला खोड आधी पिवळं पडलं, मग तडकलं, मग जोराच्या वाऱ्यात तिथूनच मोडलं. म्हणून नवीन लावणी करताना आधी पश्चिम टोकाला वाऱ्यासाठी झाडांची ओळ, मग माड, माडांमध्ये केळी, आणि केळीच्या सावलीत पोफळ. पोफळ श्रीवर्धनी, माड बाणवली आणि काही प्रताप. आता बघा, पश्चिम टोकाचा तुकडा एखाद्याने घेऊन तिथली झाडं काढली असती तर मागच्या पाचही जणांचं आगर उघडं पडलं असतं. पट्टी एकच आहे हे झाडांना कळतं, सातबाऱ्यावर रेघ मारून ते बदलत नाही.

मग ठरलं काय? तुकडे नाहीत. आधी अर्ज करून दोन्ही ताईंची नावं इतर हक्कातून कब्जेदार सदरी घेतली, सहाही जणांचा सारखा हिस्सा लिहून. तिन्ही भावांनी लेखी जबाब दिला म्हणून फेरफार तक्रारीशिवाय मंजूर झाला. मधल्याच्या बायकोने सुचवलं होतं की नणंदांकडून हक्कसोड घेऊन टाका, नाममात्र मुद्रांकात होतं. धाकट्या ताई म्हणाल्या, "वहिनी, मी सोडीन पण आधी मला मिळू तर दे, जे कागदावर माझं नाहीच ते सोडू काय?" यावर घरात बराच वेळ कोणी बोललं नाही. पुढे त्यांनी सोडलं पण नाही, आणि सोडायचं काही कारण पण नव्हतं.

मग सहाही जणांचा १० वर्षांचा करार नोंदणी करून केला. त्यात घर, विहीर, उत्तरेची वाट आणि पश्चिमेची झाडं कायम सामाईक असं स्पष्ट लिहिलं, पंप १ एचपीचा आणि तो सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ, बोअर कोणीही मारायचा नाही, आई हयात असेपर्यंत ओटी, माजघर आणि देवघराकडची खोली त्यांचीच. आगर धाकटा सांभाळणार, त्याच्या मेहनतीचे पैसे उत्पन्नातून आधी निघणार, उरलेले सहा ठिकाणी. होम स्टे मोठ्या ताई बघणार, त्याचा वेगळा खातं-हिशोब आणि ठराविक भाग दुरुस्ती फंडाला. दुरुस्तीचा खर्च ज्याने जास्त घातला त्याची नोंद मागच्या पानावर, वाटपाच्या वेळी आधी ती रक्कम परत. धाकट्याने ठोकलेल्या पत्र्यांचे पैसे पण त्यात धरले, त्याने मागितले नव्हते तरी, थोरल्याने आग्रह करून लिहायला लावलं.

मधल्याचं काय, हा प्रश्न सगळ्यात अवघड होता आणि त्याला वाईट ठरवून तो सुटला नसता. त्याची गरज खरी आहे. वारसाने मिळालेला आपला अविभक्त हिस्सा तो विकू शकतो, पण शेतजमीन असल्यामुळे घेणारा शेतकरी हवा आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बाकीच्या वारसांना आधी घेण्याचा हक्क आहे, शेतजमिनीलाही हे कलम लागू होतं हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला येऊन एकत्र राहायचा हक्क मिळत नाही. हे सगळं समजल्यावर बाहेर विकून आपल्याला नीट भाव येणार नाही हे त्याला पटलं. करारात असं घातलं की तीन वर्षांनी त्याला हवं असेल तर तो आपला हिस्सा बाकीच्यांनी घ्यावा अशी मागणी करेल, भाव नोंदणीकृत मूल्यांककाने ठरवायचा, आणि मूल्यांकन ना विकास क्षेत्र आणि आगर धरून करायचं, "सी टच" प्लॉटच्या भावाने नाही. पैसे हप्त्यांनी चालतील. ही तरतूद नसती तर सही झाली नसती.

गेल्या पावसाळ्याच्या आधी छप्पर पूर्ण झालं, आई परत राहायला आल्या, धाकटा त्याच्या कुटुंबासह तिथेच राहतो आणि दापोलीला जाऊन येऊन नोकरी करतो. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखलं, मचूळपणा बराच कमी आहे पण गेलेला नाही, अजून दोन-तीन उन्हाळे बघावे लागतील. होम स्टेची पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेतली नोंदणी अजून व्हायची आहे, ती झाल्याशिवाय माणसं घ्यायची नाहीत असं ताईंनी ठरवलंय.

उरलाय तो वाटेचा विषय. उत्तरेच्या शेजारची पट्टी विकली गेली आणि नव्या मालकाने गडग्याच्या अलीकडे येऊन तारेचं कुंपण घातलं, त्यामुळे समुद्राकडे नारळ वाहायची वाट निम्म्यात अडली. वहिवाटीची वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणून मी त्यांना त्याच आठवड्यात फोटो, मोजणीची "क" प्रत आणि शेजारपाजारच्या जुन्या माणसांचे जबाब गोळा करायला लावले. दावा मुदतीत दाखल झालाय, सहाही जणांच्या सह्यांनी, आईंचा अंगठा धरून. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे.